कोपराला गूळ

दुधाचं पातेलं उचलताना
हात मध्येच निघून गेला,
पहाटेच्या एस्टीनं न सांगता गेलेल्या
पाहुण्यासारखा.
ओट्यावर दूध, फरशीवर दूध,
आणि मी हसत उभी.
सून धावत आली, आई, काय झालं?
म्हटलं, काही नाही गं जुई,
बॅकहँड.

वारज्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
सकाळी सव्वासहाला
चार स्कूटर बाजूला सरकवल्या की
खडूचं कोर्ट दिसायला लागतं.
वॉचमन बनसोडे एक रेघ रोज वाकडी ओढतो
आणि तेवढ्या रेघेवरून हेमलता बारणे रोज भांडते,
आत होता! आतच होता चेंडू!
पिकलबॉल म्हणतात ह्याला.
मला आधी लोणच्याची बरणीच आठवली.
भोकाभोकांचा चेंडू, पोळपाटाएवढी फळी.
आणि बासष्टाव्या वर्षी, एका मंगळवारी,
मी आयुष्यात पहिल्यांदा
कुणाला तरी मुद्दाम हरवलं.
त्या रात्री भाकरी एक जास्त खाल्ली.

पौड फाट्यावर, दुसऱ्या मजल्यावर,
सानिका लडकत अंगठा बरोबर तिथंच दाबते
जिथं मी कुणाला हात लावू देत नाही.
म्हणाली, टेनिस एल्बो.
टेनिस मी फक्त टीव्हीवर, तेही
बातम्या लागायची वाट बघताना पाहिलेलं.
हातानं कामं काय काय केलीत, काकू?
सिटी पोस्टात शिक्के मारले.
एकतीस वर्षं.
ठप्प. शाई. ठप्प.
राखीच्या आठवड्यात तर
जेवतानासुद्धा घास तालावर पडायचा.
तेव्हाही दुखायचं.
कणीक मळताना कोपर आतून तापायचं,
घरी म्हणायचे, होतंच.
पोस्टात म्हणायचे, होतंच.
मीही तेच मलम चोळत राहिले,
होतंच, होतंच.

आता त्या पोरीला कसं सांगू
की मी कळवळत नाहीये, मिरवतेय.
अंगावरची बाकीची दुखणी
कुणाकुणाची आहेत, माझ्याकडे ठेवायला दिलेली.
हे एकच मी स्वतः
खेळून आणलंय.

सहा आठवडे खेळ बंद, ती म्हणाली.
मी तिला कोपरापासून हात जोडले.
तेवढ्यानंही कळ आली.

आता मीटरच्या पेट्यांजवळ खुर्ची टाकून
डाव्या हातानं गुण लिहिते.
माझा सात दिसतो एकासारखा,
त्यावरूनही बारणे भांडते.
माझ्या जागी तिनं श्रोत्रींची पुष्पा घेतलीय,
ती चेंडू चुकला की चेंडूलाच सॉरी म्हणते.
चार हातांवर खेळ चाललेला,
आणि मी बसलेय
कोपराला गूळ लावून.
जीभ काही पोचत नाही.

रात्री ह्यांची हातोडी घेऊन व्यायाम.
ह्या हातोडीनं आमच्या घरात
एकही खिळा सरळ गेलेला नाही.
ती सावकाश वर, त्याहून सावकाश खाली.
हे पेपरामागून मोजतात, नऊ, दहा,
मध्येच विचारतात, सोडून का देत नाहीस आता?
मी उत्तर देत नाही.
आकडा चुकतो.
मग परत एकपासून.

काल लडकतनं फळी हातात दिली,
नुसती धरून दाखवा, म्हणाली.
धरली.
अहो काकू, एवढी घट्ट कशाला?
कुठं पळून जातेय का ती?
सैल धरा.

सैल.
पोस्टात पहिल्याच दिवशी
मोघे साहेबांनी बजावलेलं,
शिक्का सैल धरला
की तारीख पुसट उमटते.
एकतीस वर्षांत एकही पुसट नाही.
पुणे शहर, दिवस, महिना, साल,
सगळं कसं
चिंचेच्या कोळासारखं दाट, काळं.

अजून अकरा दिवस आहेत.
बनसोडेला सांगून ठेवलंय, ती रेघ
तशीच वाकडी राहू दे.
मी मूठ उघडून बघते,
मिटते,
जरा कमी मिटते.
उमटू दे
पुसट तर पुसट.